प्रांताचा उतार

मतदान आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा प्रांत पूर्वेकडे झुकला. भांड्यांतले दूध तिरपे झाले, गाई पूर्वेकडच्या पायांवर भार देऊन चरू लागल्या, आणि पूर्वेचे उमेदवार रंगराव यांच्या दारी लोकांनी तोरण बांधले. प्रहरभराने प्रांत पश्चिमेकडे झुकला. तेच तोरण सोडून लोक मिरवणुकीने पश्चिमेच्या उमेदवार मृणालिनीबाईंच्या दारी निघाले. कोणालाही त्याचे नवल वाटले नाही. इतर सर्व प्रांतांत दोन्ही पक्ष समसमान राहिले होते. राज्य कोणाचे, हे या एका प्रांताच्या उतारावरून ठरायचे होते.

म्हणून राजधानीतली वार्ताहर नूतन थेट नरहरी मिस्त्रींकडे आली. त्यांचे एका खोलीचे घर प्रांताच्या बरोबर मध्यावर होते. चाळीस वर्षे त्यांनी भिंती बांधल्या. त्यांच्या पाणसळीने, काचेच्या नळीतल्या त्या इवल्या बुडबुड्याने, कधी खोटे सांगितले नव्हते.

“मिस्त्रीकाका, बारापर्यंत नाव हवं. छपाई थांबवून ठेवलीय.”

“पाणसळ सांगेल तेच सांगेन. माझं वजन त्यात पडणार नाही.”

“लोकांच्या भिंती सरळ केल्या,” पूर्वेच्या भिंतीशी चुलीपुढे बसलेल्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, “आपल्या घराचं दार मात्र अजून खाली घासतं. हेही छाप गं पोरी.”

पश्चिमेच्या दारात उभ्या नूतनशेजारी वाकून मिस्त्रींनी हसत पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा पूर्वेकडे सरकला.

“म्हणजे रंगराव!”

“उलट. बुडबुडा चढाकडे पळतो, बाई.” त्यांनी रिवाजाप्रमाणे पाणसळ टोकाकडून टोकाकडे फिरवून पुन्हा ठेवली. बुडबुडा पूर्वेलाच राहिला. अवजार प्रामाणिक होते.

मग ते पाणी घ्यायला पूर्वेच्या भिंतीशी गेले, आणि बुडबुडा पश्चिमेला गेला. ते परतले, तोही परतला. रस्त्यावरची तोरणाची मिरवणूक त्यांच्या प्रत्येक फेरीबरोबर तोंड फिरवीत होती. खोलीच्या मध्यावर उभे राहावे, तर द्वारकाबाईंच्या भाराने प्रांत पूर्वेला उतरे. अखेर नूतनला पाणसळीसह बरोबर मध्यावर बसवून मिस्त्री पश्चिमेच्या भिंतीशी, पत्नीच्या समोर बसले. बुडबुडा मधोमध थांबला.

“आता आम्हा दोघांचं वजन फिटलं,” ते म्हणाले. “शेवटच्या पेट्या उघडेपर्यंत आम्ही हललो नाही, तर पाणसळ लोकांचंच सांगेल.”

दूर कुठेतरी पेट्या उघडत होत्या. मोजून झालेला मुलूख आत ओढला जात होता. प्रथम सीमेवरचे दगड अंगणात आले. मग पूर्वेचे डोंगर चुलीमागच्या भिंतीला टेकले, आणि पश्चिमेच्या उंबऱ्याबाहेर समुद्र येऊन थांबला. नूतनने पाणसळीपाशी पाय आखडून घेतले. बुडबुडा रेघभरही ढळला नाही. मिस्त्रींना मनापासून समाधान वाटत होते. इतका वेळ एकमेकांकडे पाहत ते दोघे लग्नानंतर प्रथमच बसले होते.

“किती राहिल्या?”

“एकच पेटी, काका.”

“अहो, खिचडी निवत चाललीय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“उठू नकोस हं.”

“उपाशी माणसाच्या खरेपणाचं मला कौतुक नाही. मी येते.”

“मग दोघे मिळून उठू. पावलाला पाऊल.”

द्वारकाबाईंनी ताट घेतले. मिस्त्रींनी तेवढ्याच वजनाची वीट उचलली. दोघे एकाच वेळी उठले आणि सप्तपदीच्या सावधपणाने पावले टाकीत मध्यावर येऊन समोरासमोर बसले. बुडबुडा स्थिर होता. नूतनने श्वास सोडला.

द्वारकाबाईंनी खिचडीचा घास उचलला आणि पश्चिमेला बसलेल्या पतीच्या ओठांकडे हात नेला.

“काकू, थांबा! पेटी उघडतेय!”

मिस्त्रींनी तोंड उघडले होते. त्यांच्या पाठीमागे, उंबऱ्याशी, समुद्र टाचा उचलून उभा राहिला.