शेवटच्या दोन ओळी, पुन्हा एकदा

मित्रांनो, आधी माझ्या डोक्यावरची ती फुलदाणी कुणीतरी उतरवा, म्हणजे मला मोकळेपणाने बोलता येईल. मी एक जुनी पायपेटी आहे. वेल्समधल्या रीडगोख गावच्या प्रार्थनामंदिरात माझे सारे आयुष्य गेले.

मला घडवणाऱ्या कारागिराने अक्रोडाचे लाकूड निवडले, पोटात कातड्याचा भाता बसवला आणि पितळेच्या पात्या घासून घासून माझा आवाज गोड केला. हे मी म्हणत नाही, गाव म्हणत असे. खाणीत पाटीचा दगड फोडणाऱ्या माणसांनी कितीतरी हिवाळे बिनसाखरेचा चहा पिऊन मला विकत आणले होते. मी आले त्या दिवशी सगळे गाव मला हात लावून बघून गेले.

लौरी नावाची विधवा मंदिर झाडायची. तिची तीन मुले माझ्याभोवतीच वाढली. थोरला एमलिन, मधला गेथिन आणि धाकटी नेस्ता. भिंतीवर सुरांचा तक्ता होता. झाडूच्या दांड्याने लौरी त्यावर एकेक सूर दाखवायची आणि मुले गायची. आमच्याकडे गाणे चार आवाजांत गातात. नेस्ता मूळ चाल गायची, एमलिन खर्ज सांभाळायचा, गेथिन त्याच्या वरचा सूर लावायचा आणि मधला सूर लौरीचा असे. तो एकटा ऐकला असता तर कुणी मान डोलावली नसती. पण तो नसला की गाणे पोकळ वाटायचे.

"काय रे गेथिन, गातोयस की भांडतोयस?" लौरी विचारायची.

"दादा घाई करतो, आई! मी किती धावू?"

"मग दोघंही जरा दम धरा. सोबत गायचं म्हणजे दुसरं काय असतं?"

आमची आणखी एक रीत आहे. गाणे रंगले की शेवटचे कडवे संपले तरी ते संपत नाही. कुणीही एकाने शेवटच्या दोन ओळी पुन्हा उचलायच्या आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. उचललेली ओळ एकट्याच्या गळ्यात सोडून देणे म्हणजे आमच्या गावात फार वाईट. गेथिन तर ऊठसूट ओळी उचलायचा. "या पोरापायी माझं जेवण रोज गार होतं!" असे म्हणत मंदिराचे कारभारी ह्यू करवादायचे आणि स्वतःच सर्वांत मोठ्याने गायचे.

मुले मोठी झाली. एमलिन आमचाच धर्मोपदेशक झाला. त्याचे प्रवचन ऐकायला लोक डोंगर ओलांडून येत. नेस्ता मोठमोठ्या नाट्यगृहांत गाऊ लागली. गेथिन खाणकामगारांचा पुढारी झाला.

मग खाणीत संप झाला. गावातल्या चुली थंडावल्या. अशात संप फोडून कामावर गेलेला एक बाप आजारी लेकराला कडेवर घेऊन प्रार्थनेला आला. एमलिनने त्याला बसायला जागा दिली. गेथिन ताडकन उठला.

"दादा, हा बसणार असेल तर मी चाललो."

"हे देवाचं घर आहे, गेथिन. इथून कुणाला उठवणं मला जमायचं नाही."

"मग बस तुझं घर सांभाळत!"

तो गेला तो गेलाच. पुढे निवडून येऊन लंडनच्या संसदेत पोहोचला, गावाला त्याचा कोण अभिमान! पण मंदिराची पायरी तो चढला नाही आणि भावाशी बोलला नाही. लौरी माझ्या पट्ट्या पुसताना म्हणायची, "एकदा तिघं एकत्र गाऊ देत गं, मग मी सुटले." मी लाकडाची, काय करणार? मला फार वाईट वाटायचे.

लौरी गेली, ती इच्छा मनात ठेवूनच. अंत्यविधीला मंदिर भरून गेले. नेस्ता मला वाजवायला बसली, कारण रडू आवरून गाणे तिला जमणार नव्हते. एमलिन प्रवचनाच्या चौथऱ्यावर उभा होता. गेथिन टोपी हातात धरून दाराशी, अर्धा आत, अर्धा बाहेर. गाणे झाले. दोन्ही भावांचे ओठ मिटलेलेच होते. एमलिनने प्रार्थनेसाठी हात उचलला.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी शेवटच्या दोन ओळी उचलल्या. गेथिनच तो! सगळे एमलिनकडे बघू लागले. त्याचा हात हळूहळू खाली आला आणि त्याने खर्ज लावला. मग लोक चाल गाऊ लागले. नेस्ताने माझ्यावरून हात उचलले. जिचा वरच्या पट्टीतला आवाज ऐकायला परदेशात गर्दी लोटे, ती त्या दिवशी आईचा मधला सूर गायली. मी मुकी राहिले. मुके राहण्यात एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

नंतर चहा आणि मनुकांचा पाव वाटताना दोघे माझ्याशेजारी आले.

"दादा, अजून घाईच करतोस," गेथिन म्हणाला.

"आणि तू अजून उशिराच येतोस," एमलिन म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

आता माझा भाता फाटला आहे. मंदिरात मोठा ऑर्गन आला, मग माणसेच कमी झाली. मित्रांनो, मला दुरुस्त केलेत तर आवडेलच. नाही जमले तर निदान एवढे करा. तुमचे कुणी रुसून दाराशी उभे असेल, तर गाणे संपले असे समजू नका. शेवटच्या दोन ओळी उचला. आणि त्याने उचलल्या, तर त्याला एकटे गाऊ देऊ नका.