देवजी प्याला घेत नाही

देवजीने सलग तिसऱ्या महिन्यात प्रभुभोजनाचा प्याला पुढे सरकवला, तेव्हा माझी खात्री पटली की हा परत प्यायला लागलाय.

आमच्या नवीन पनवेलच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आधी भाकर फिरते, मग बोटभर उंचीच्या प्याल्यांचा ट्रे. मनात पाप लपवून प्याला घ्यायचा नाही, अशी शिकवण. त्यामुळे जो घेत नाही त्याच्याकडे सगळे चोरून बघतात. मी सरळ बघतो. बावीस वर्षं द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या गेटवर सिक्युरिटी ऑफिसर होतो. प्रत्येक ड्रायव्हरचं तोंड हुंगल्याशिवाय गाडी आत सोडली नाही.

देवजी कातकरी, डोंगराखालच्या वाडीतला. दोन वर्षांपूर्वी प्रार्थनेला यायला लागला, दारू सुटली, याच मे महिन्यात बाप्तिस्मा झाला, तेव्हापासून प्रभुभोजनाचा हक्क. आता मंडळीच्या हॉलला राखणदार हवा होता. हॉलमागे खोली, नळ, लाईट. ती देवजीला मिळाली तर त्याची मुलगी रूपा पाचवीत टिकणार होती. नाही मिळाली तर दिवाळी झाली की तो, बायको चिंगी आणि रूपा, तिघंही सहा महिने वीटभट्टीवर. पास्टर निकेश मला म्हणाले, "प्रदीपभाऊ, तुम्ही खात्री दिलीत की झालं. व्यसनातलं तुम्हालाच कळतं."

कळणारच. मीही प्यायचो. चौदा वर्षांपूर्वी एका सोमवारी ठरवलं आणि सोडली. ना गोळ्या, ना डॉक्टर. मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभा राहिलो की प्रभूचे आभार मानायचो, नाही असं नाही, पण पुढची दहा मिनिटं माझ्या निश्चयाची असायची. देवजीच्या साक्षीने मात्र माझं डोकं फिरायचं. तो उभा राहून एवढंच म्हणायचा, "मी नाय सोडली. माज्याच्यानं व्हत नाय. रोज सकाळी देवाला सांगतो, आज तूच बग." की बसला खाली. भर सभेत "मी नाय सोडली" म्हणणाऱ्या माणसाची मी खात्री द्यायची?

तर मी तपासाला लागलो. दर रविवारी "जय ख्रिस्त" म्हणत त्याला मिठी मारायची आणि हळूच हुंगायचं. घामाचा वास यायचा, सिमेंटचा यायचा. विडीचासुद्धा नाही. एवढा स्वच्छ माणूस बघून शंकेची पाल आणखीच चुकचुकली. वाडीच्या रस्त्यावर भरतची चहाची टपरी आहे, दारूच्या दुकानाला लागून. त्याला विचारलं. तो म्हणाला, "देवजी? तो हिकडं फिरकतच नाय आता. कामावरनं शेतातनं वळसा घालून जातो."

सरळ रस्ता सोडून शेतातून वळसा? गुरुवारी संध्याकाळी मी शेताकडच्या मोरीआड जाऊन बसलो. देवजी आला, एका आंब्याखाली थांबला, उकिडवा बसला. मान खाली घालून दहा मिनिटं पुटपुटला आणि उठून गेला. मी जाऊन झाडाची मुळं चाचपली, पालापाचोळा उपसला. बिस्किटाचा एक कागद मिळाला. बाटली नाही. काहीच सापडत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी मुरतंय, असं म्हणत मी चिखलाचे गुडघे घेऊन घरी आलो.

प्रमिलाने, माझ्या बायकोने, पँट बघितली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं नाक फक्त दुसऱ्यांसाठीच आहे का हो?" मी लक्ष दिलं नाही. तिला सवय आहे काहीतरी बोलायची.

शनिवारी देवजीला घरीच बोलावलं. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं आणि मला खोलीचा निर्णय सांगायचा होता. प्याल्यांसाठीचा रस नऊ वर्षं मीच करतो, काळ्या मनुकांचा. पूर्वी शनिवारी भिजवायचो, उकळायचो, गाळून फ्रीजमध्ये ठेवायचो. वर्षभरापूर्वी लक्षात आलं की उकळल्याने चव मरते, म्हणून उकळणं बंद केलं. मनुका नीट मुराव्यात म्हणून सोमवारीच साखर घालून बरणी माळ्यावर ठेवायला लागलो. उरलेला रस मोरीत कसा ओतायचा, पवित्र वस्तू ती. तो मी रविवारी दुपारी जेवणाआधी संपवतो. प्रमिला म्हणते, पहिल्या रविवारी तुम्ही माणसात असता.

देवजी आला तेव्हा मी बरणी ओट्यावर काढून ठेवली होती. तो स्वयंपाकघराच्या दारातच थांबला.

"खरं सांग, देवजी. प्याला का घेत नाहीस?"

"नाय घेत, सायेब."

"का पण?"

"आसंच."

"हे बघ, माझ्यापासून लपवून खोली मिळायची नाही. उद्या मी नाही म्हटलं तर रूपाची शाळा गेली. कळतंय ना?"

त्याने खाली बघितलं. मग म्हणाला, "नका देऊ खोली. जातो आमी भट्टीवर."

माझा पाराच चढला. पोरीची शाळा सोडायला तयार, पण तोंड उघडायला नाही. "मनुकांच्या रसाला घाबरतोस?" म्हणत मी बरणीचं झाकण फिरवलं. फस्स झालं. देवजी दोन पावलं मागे हॉलमध्ये गेला आणि त्याने शर्टाची बाही नाकाला लावली.

"झाकण लावा, सायेब. ह्याच्यात हाय ती."

"काय आहे?"

"दारू. बारक्यापनापासून मव्हाची गाळलीय मी. मला वास नाय समजनार?"

मी ओरडलो. चौदा वर्षं थेंबाला शिवलो नाही, तू कोण मला सांगणारा, असं बरंच काही बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "भिजवलीत कदी?"

"सोमवारी."

"उकाळलीत?"

"नाही."

"साठ मानसांच्या बोटबोट प्याल्यांना येवडी बरनी?"

तिन्हींची कारणं माझ्याकडे तयार होती. चव मरते, मुरायला वेळ लागतो, कमी पडायला नको. तीच अडचण होती. गेटवर ज्याच्याकडे कारणं तयार असायची, त्यालाच मी गाडीतून उतरवून बाजूला घ्यायचो. मी वाकलो आणि बरणीत नाक घातलं. वास ओळखायला एक क्षणही लागला नाही. खरं सांगायचं तर मला तो वर्षभर ओळखीचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी तोंडाला पाणीही सुटलं.

"पास्टरना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमचं नाव गेलं आसतं. लोकं तुमच्याकडं बगून सोडतात." बाहीआडूनच तो म्हणाला, "आन आमचं आयकनार कोन?"

तीन महिने हा माणूस माझ्यापायी अख्ख्या मंडळीच्या नजरा खात होता, त्यातली सगळ्यात वाईट नजर माझी होती, आणि आज माझ्यासाठी त्याने खोलीवरही पाणी सोडलं होतं. मी म्हटलं, "खोली तुझीच. उद्या सगळ्यांसमोर सांगतो. हे बरणीचंही सांगतो."

"आदी वता," देवजी म्हणाला.

मी बरणी उचलून सिंकवर धरली. धरली आणि तशीच राहिली. ओतायला मनगट वळवायचं, त्यात काय अवघड आहे? पण वळेना. उद्या ओतू, प्रमिला ओतेल, मंडळीला विचारून ओतू, अशी नवी कारणं एकामागून एक यायला लागली.

"देवजी, तू ओत."

"नाय सायेब. माज्या हातात आली तर मी वतनार नाय, पिनार." त्याने हे असं सांगितलं, जसं कोणी आपल्या घराचा पत्ता सांगावा.

"मग करायचं काय?"

"त्याला सांगा. व्हत नाय म्हनून."

साठ माणसांपुढे मी मोठ्या आवाजात अर्धा अर्धा तास प्रार्थना करतो. लोक वाखाणतात. आता माझ्या तोंडून शब्द फुटेना. चौदा वर्षांत मी प्रभूचे आभार मानले होते, दुसऱ्यांसाठी मागितलं होतं, स्वतःसाठी मदत कधी मागितली नव्हती. गरजच काय होती? बाहेर प्रमिलाने टीव्ही बंद केला. हॉलमध्ये देवजी भिंतीला पाठ लावून, नाक बाहीत खुपसून, डोळे मिटून पुटपुटत होता. आंब्याखाली पुटपुटला होता तसाच.

"प्रभू," मी म्हटलं, "माझ्याच्यानं हे होत नाही."

पुढे काय म्हणायचं ते कळेना, म्हणून तिथेच थांबलो. बरणी कलली. रस सिंकमध्ये पडायला लागला, वास घरभर झाला. अर्ध्यावर येऊन हात पुन्हा थांबला.

मी पुन्हा तेच म्हटलं.