पदराआडचं माप

मी दाताच्या दवाखान्यातला, माप घ्यायचा ट्रे बोलतोय. पितळेचा, आखूड दांडीचा. पेशंट मला पळी म्हणतात. राग येतो, पण सांगणार कुणाला? माझ्यात पातळ प्लॅस्टर भरायचं, मला टाळूला दाबून धरायचं आणि ते घट्ट झालं की बाहेर काढायचं. त्या मापावरून कवळी होते. सांगलीत नलावडे डॉक्टरांकडे मी शेकडो तोंडं पाहिली. मोठमोठ्या बढाया मारणारेही मला तोंडात घेतलं की गप्प होतात.

पण चौऱ्याहत्तर सालची येसूबाई मी अजून विसरलो नाही.

येसूबाई पलूसची, पन्नाशीची. मिश्री लावून लावून दात गेलेले. नवऱ्याला फलटणच्या साखर कारखान्यातून हंगामात रजा मिळेना, म्हणून थोरले दीर आण्णा तिला घेऊन आले. तीस वर्षं एका घरात राहून ती त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. आण्णाही तिला नावानं हाक मारत नसत. ते बाहेर बाकावर बसले.

डॉक्टरांनी प्लॅस्टर कालवलं, लवकर घट्ट व्हावं म्हणून चिमूटभर मीठ टाकलं. "मान पुढं ठेवा, नाकानं श्वास घ्या. अजिबात हलू नका."

दोन मिनिटं झाली असतील. पडदा सरकला.

"डॉक्टर, लय येळ लागला की!" आण्णा आत डोकावले.

झालं! येसूबाईनं डॉक्टरांचा हात झटकला, पदर तोंडावर ओढला आणि मान मागं टाकून भिंतीकडं वळली. मी घसरलो. अर्धवट घट्ट झालेलं प्लॅस्टर थेट घशाशी गेलं. तिला उमासा आला, तोही तिनं दाबला. दिरासमोर ओकायचं कसं?

"पदर काढा! तोंड उघडा!" डॉक्टर ओरडले. तिची मूठ सुटेना. प्लॅस्टर गरम होत होतं, म्हणजे आता दगड होणार. तिच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. मी फार भ्यालो. माझ्यामुळं एका बाईचा जीव जाणार होता.

आण्णांना काय उमगलं कोण जाणे. त्यांनी पाठ फिरवली, पटका डोळ्यांवर ओढला आणि कपाळ भिंतीला टेकलं.

"येसू! मी बघत न्हाई. तोंड उघड, बाय!"

मूठ सुटली. डॉक्टरांनी मला हिसडा देऊन ओढलं. प्लॅस्टरचे तुकडे झाले. येसूबाई खोकत राहिली.

असे तुकडे जुळवून माप पुरं करायची रीत असते. डॉक्टर घाईघाईनं एकेक तुकडा माझ्यात बसवू लागले. मागच्या बाजूला हरभऱ्याएवढी जागा रिकामी राहिली. त्यांचा चेहरा उतरला. तो तुकडा श्वासनळीत गेला असला तर? तोंडात नव्हता, फरशीवर नव्हता.

शेवटी डोळे पुसायला येसूबाईनं पदर उचलला. तुकडा पदराच्या चुणीत अडकला होता.

आता घट्ट झाल्यावरही रबरासारखी मऊ राहणारी नवी पावडर आली आहे. मी कप्प्यात पडून असतो, कडेला त्या दिवसाचं पांढरं अजून चिकटलेलं. एवढंच मागणं आहे, की कुणाच्या तोंडात माप असेल तेव्हा पडदा सरकवू नका.

येसूबाईला कवळी बसवली त्या दिवशी आण्णा स्वतःहून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "झ्याक दिसत्यात दात," म्हणाले.

"आवं भावजी, आदी हिकडं बघा तरी!" येसूबाई म्हणाली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.