पत्रकातलं कुरण

“फाटकातून आत येताच समोर दिसतं ते आमचं कुरण. कृपया मधल्या पायवाटेवरूनच चाला.”

रविवारच्या पाहुण्यांसाठी पत्रकाच्या दोनशे प्रती छापून तयार होत्या. पायवाट राहिली नव्हती. म्हणजे, आता सगळीच पायवाट होती.

शनिवारी दुपारी मी आणि माझी बायको ऑड्री तिच्या बहिणीकडून दोन दिवसांनी परतलो. मी गाडीतून पिशव्या काढत होतो. ऑड्री पुढे गेली आणि फाटकाशी थांबली. मला वाटलं, कडी अडकली असेल. तिच्या खांद्यावरून पाहिलं.

गवत नव्हतं.

गुरुवारी कंबरेइतकं होतं. आता तिथे हिरवी सतरंजी. एक पट्टा फिकट, एक गडद, एक फिकट, एक गडद. कडा दोरी लावून कापल्यासारख्या सरळ. बेडकांसाठी रचलेला कुजक्या ओंडक्यांचा ढीगही गेलेला, आणि त्या जागी झाडून काढलेली माती.

मी म्हणालो, “अगं...”

पिशव्या खाली ठेवल्या.

“इथे पिवळा खुळखुळा पाहा. हे छोटं रोप गवताच्या मुळांतून अन्न चोरतं. गवताचा जोर ओसरतो आणि इतर फुलांना जागा मिळते. ते एकच वर्ष जगतं. बी पडलं तरच पुढच्या वर्षी उगवतं.”

बी पडायला अजून महिना होता.

हा खुळखुळा रुजवायला ऑड्रीला सहा वर्षं लागली. पहिली दोन वर्षं एक कोंबही नाही. तिसऱ्या वर्षी सात रोपं आली. ती तिने मला हाताला धरून, एकेक करून दाखवली. पाचव्या वर्षी काळी-पांढरी फुलपाखरं आली. वर्षातून एका रविवारी गावातले लोक आपापल्या बागा सगळ्यांना बघायला खुल्या ठेवतात; यंदा त्यासाठी तिने पहिल्यांदा नाव दिलं. सात बागा. बाकी सहांमध्ये गुलाब.

डेस्मंडने कुंपणावरून डोकं वर काढलं. शेजारी. बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र गावात त्याच्या एकट्याकडे आहे. भुवयांतसुद्धा गवताचे तुकडे अडकलेले. आमची वाटच बघत असावा. बागमंडळाच्या चौघांना घेऊन सकाळी सहापासून राबलो, म्हणाला. कापलेलं सगळं ट्रेलरमध्ये भरून लांब टाकून आलो, एक काडी म्हणून ठेवली नाही.

“किती केलंस रे आमच्यासाठी,” ऑड्री म्हणाली. “चहा घेशील ना?”

आमच्याकडे असंच करतात. तिने चहा केला, बिस्किटं बशीत लावली. हातून एक थेंब सांडला नाही. मला त्या हाताचीच भीती वाटली.

गुरुवारचं सांगायलाच हवं.

गुरुवारी दुपारी, आम्ही निघण्याआधी, पबमध्ये डेस्मंडने विचारलं, रविवारची तयारी कुठवर आली. अशा वेळी ‘झकास’ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. केक कितीही फुगला तरी मधे बसला म्हणायचं. म्हणून मी म्हणालो, बाग पार हाताबाहेर गेलीये, लोकांना दाखवायची लाज वाटते. सगळे हसले. तेवढ्यावर थांबायचं होतं. त्यांनी आणखी हसावं म्हणून मी जोडलं, “ऑड्री कबूल करत नाही, पण तिला आता झेपत नाही रे. कंबर गेली तिची.”

डेस्मंड हसायचा थांबला. मला ते दिसलं होतं. दिसूनही मी क्रिकेटचा विषय काढला.

शनिवारी संध्याकाळी ऑड्री स्वयंपाकघरात कोट न काढताच बसून राहिली. “त्याला माझं जंगल कधीच आवडलं नाही,” ती म्हणाली. “पण माणूस इतका डूख धरून बसेल असं वाटलं नव्हतं.”

मी विचारलं, सूप गरम करू का.

“थोडं थांबा, कान द्या. उन्हाळ्यात हे कुरण गुणगुणतं.”

रविवारी अकराला फाटक उघडलं. लोक आले, थांबले, त्यांनी कान दिला. गवती टोपीतल्या एका बाईंनी पत्रक पाहिलं, हिरवळ पाहिली, पुन्हा पत्रक पाहिलं. “छान मोकळं आहे,” म्हणाल्या. एकाने पत्रक उलटं करून पाहिलं.

डेस्मंड टाय लावून आला होता. कौतुक ऐकायला आला असावा, आणि त्यात गैर काय? त्याने पत्रक घेतलं. तो ओठ हलवत वाचतो. खुळखुळ्यापाशी ओठ थांबले.

“हे तू मुद्दाम लावलं होतंस?”

“सहा वर्षं,” ऑड्री म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “आणि तू कापलंस, डेस्मंड. मला ते अजिबात नको होतं.”

पाहुण्यांसमोर असं आमच्या गावात कोणी बोलत नाही. कप ओठांपर्यंत जाता जाता थांबले. कोणीतरी हातातलं बिस्किट निरखू लागलं.

डेस्मंडने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझं नाव घेतलं असतं तर एका वाक्यात सुटला असता तो. मानेपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “चुकलं माझं.”

“त्याचं नाही,” मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. “तुला झेपत नाही असं मी सांगितलं त्याला. पबमध्ये.”

“का?”

“सगळे हसत होते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं, तिनेही नाही. मग पत्रकांचा गठ्ठा माझ्या छातीवर टेकवला.

“तिथे मधोमध उभा राहा. येईल त्याला सांग, इथे काय होतं आणि आता का नाही. जसंच्या तसं. पाच वाजेपर्यंत.”

उभा राहिलो. पहिल्या घोळक्याला मी कंबरेचं वगळून सांगितलं. एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, पण त्या माणसाला कापावंसं वाटलं तरी कशावरून? मग तेही सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

तीनच्या सुमाराला डेस्मंड येऊन शेजारी उभा राहिला. मी बोलावलं नव्हतं. माझं बोलून झालं की तो म्हणायचा, “आणि यंत्र माझं.” गवती टोपीतल्या बाई पुन्हा आल्या होत्या. पुढच्या वर्षी काही उगवेल का, त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही ठाऊक नव्हतं.

फाटकाशी ऑड्रीने आणखी आठ जणांना आत घेतलं आणि आमच्याकडे बोट दाखवलं.