बोट उचलल्यावरच ऐकू येतं

मित्रांनो, दुकानाच्या भिंतीवर हा जो पिवळट पडलेला डबा दिसतो ना, तो मी. एक जुना इंटरकॉम. माझा दुसरा डबा वर घरात, शिलाई मशीनशेजारी आहे. मधे एक तार. आम्ही दोन डबे मिळून एकच आहोत.

माझी रीत साधी. बटण दाबायचं आणि बोलायचं. झालं की बोट उचलायचं, मग पलीकडचं ऐकू येतं. एकाने बटण आधी दाबलं, तर तो सोडेपर्यंत दुसऱ्याचा आवाज जात नाही.

आमचे मालक जुने सोफे नव्याने मढवतात. मालकीणबाई वर बसून कव्हरं शिवायच्या. त्यांचं बोलणं मोजकं. सोफ्याच्या हाताच्या कव्हरावर टाचलेली चिठ्ठीही तशीच असे : 'डावा हात. ओढून बसवा.' मालकांचं मात्र उलट. सुतळी हवी असली, तर ती कोणी संपवली इथपासून सुरुवात.

"अहो, चहा हवा की नको, एवढंच सांगा."

"तेच सांगतोय गं. सकाळी दूधवाला भेटला, तो म्हणाला..."

"म्हणजे हवा. ठेवते."

दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. मालकही हसायचे. बाई मला रोज कोरड्या फडक्याने पुसायच्या. ते दिवस चांगले होते.

एका दुपारी एका गिऱ्हाइकाने तयार सोफा परत केला. रंग आवडला नाही म्हणे. मालक चिडले. त्यांनी माझं बटण दाबलं आणि सगळं सांगायला घेतलं. तो काय बोलला, त्याची बायको काय बोलली, कापड आधी कसं दाखवलं होतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्याच वेळी वर बाईंनी बटण दाबलं. त्या म्हणाल्या, "छातीत दुखतंय. वर या."

इतकं थोडं, इतकं स्पष्ट. पण ते खाली नेणं मला जमत नव्हतं. माझ्यातून वर सोफ्याच्या रंगाचंच चाललं होतं. त्यांनी परत दाबलं. या वेळी नुसतं "या."

शेवटी मालक म्हणाले, "आता तूच सांग, यात माझं काय चुकलं?" आणि बोट उचललं.

उत्तर आलं नाही.

"झोपलीस की काय गं?" म्हणत ते जिना चढले. बाई खुर्चीत वाकल्या होत्या. अंगठा बटणावर तसाच होता. तो पाहून मालकांना कळलं, त्याही बोलवत होत्या. ते डॉक्टरांकडे धावले. डॉक्टर आले, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता मालक गिऱ्हाइकाशी "होईल" नाहीतर "नाही होणार" एवढंच बोलतात. लोक म्हणतात, माणूस बदलला. पण आता त्याचा उपयोग कोणाला?

परवा लेक आली होती. माझ्यावरची धूळ बघून म्हणाली, "बाबा, हा काढून टाकू का?"

"नको."

"अहो, पण वर आहे कोण?"

मालकांनी मान खाली घालून खिळा ठोकायला घेतला.

मित्रांनो, सांगायचं ते आधी सांगा. बाकीचं मागाहून, सवड असेल तर. लिहितानाही तसंच करा. आणि आपलं बोलणं वेळेवर थांबवा. पलीकडच्या माणसालाही काहीतरी सांगायचं असतं, आणि त्याच्याकडे कदाचित फार वेळ नसतो. माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. माझी तार अजून शाबूत आहे. तिच्यातून काही येत नाही.