खिडकीखालची पिवळी गाडी

मी बोलतेय, बंगल्याच्या पोर्चमधली पिवळी, दोनच माणसांची गाडी. नटवी म्हणा, उधळी म्हणा, मला आता कशाचंच काही वाटत नाही.

दूरच्या कारखान्यात मी जन्मले. वाऱ्याशी शर्यत लावायची म्हणून मला घडवली आणि आणून सोडली कुठे, तर या शहरात. इथे पाय ठेवायला जागा नाही, पळणार कुठे? मग मालकांनी आपली हौस माझ्या आवाजावर भागवली. रोज सकाळी मला चालू करून ठेवायचे आणि आत जाऊन निवांत चहा प्यायचे. "इंजिन तापायला हवं," म्हणायचे. इंजिनाचं निमित्त हो! आपल्या दारात काय उभं आहे ते गल्लीला कळायला हवं होतं.

पोर्चच्या वरच त्यांच्या लेकीची, चिमीची खोली. ती खिडकीतून मला टाटा करायची आणि खोकायची.

मालक बाप म्हणून वाईट नव्हते. पोरीचा दमा वाढला तसं त्यांनी जिवाचं रान केलं. हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं, गालिचे काढले, मांजर देऊन टाकलं. डॉक्टर म्हणाले, हवेतलं काहीतरी बाधतंय. लगेच फाटकाजवळचं झाड परागकण उडवतं म्हणून आडवं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी! वर वसाहतीच्या हरित समितीचे अध्यक्ष हेच. झाडं जगवा म्हणून भाषणं ठोकायचे, टाळ्या घ्यायचे.

"अहो, चहा होईपर्यंत गाडी बंद ठेवलीत तर?" चिमीच्या आईने एकदा विचारलं. "वर वास येतो."

"खिडकी लावून घे ना. एवढी भारी गाडी आहे, धूर ओकणारा ट्रक नाही."

आई खिडकी लावायची. मला टाटा करायला चिमी ती पुन्हा उघडायची.

एका सकाळी तिला धाप लागली ती थांबेचना. ओठ निळे पडले. आईने तिला मांडीवर घेतलं, मालकांनी मला पिटाळलं. पहिल्याच चौकात अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्यांची इंजिनं चालू. एकेका गाडीत एकेक माणूस.

"अरे, सरका रे! माझी पोर आहे आत!" मालक हॉर्नवरचा हात काढत नव्हते. सरकणार कोण आणि कुठे?

"राहू द्या आता हॉर्न," चिमीची आई म्हणाली. चिमीचा श्वास थांबला होता.

त्यानंतर मी रस्ता पाहिलेला नाही. चिमीची लाडकी म्हणून मालकांना मला विकवत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी तेवढं चालू करून ठेवतात, माझ्या टपावर हात ठेवून रडतात आणि आत जातात.

वरच्या खोलीत आता पाळणा बांधलाय. चिमीला भाऊ झाला. कालपासून तोही खोकतोय.

बाबांनो, मला तोंड असून नसल्यासारखं. फाटकावरून जाणाऱ्या कुणीतरी आत या, बेल वाजवा. माणसं चहा घेत असतील तर घेऊ दे. आधी माझी किल्ली फिरवा आणि मला बंद करा.