मोरीच्या पाण्यावरचा पाहुणा

गहिनीनाथ दाजी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. ज्या कालव्याचं ते निरीक्षण करत, त्यात त्यांच्या उभ्या नोकरीत पाणी आलं नाही. वरच्या साहेबांना रोज 'पाणी निरंक' एवढंच कळवायचं असे, आणि ते चहाच्या आधीच कळवून होई. मग उरलेला दिवस काठावरच्या बाभळी बघण्यात जाई. बाभळींवर पाखरं होती. सरकारने दाजींना पगार पाण्यासाठी दिला, पण काम पाखरांचं करून घेतलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी केजकडून येणाऱ्या रस्त्याला, गाव संपतं तिथं घर बांधलं आणि मागच्या अंगणात बाग केली. बाग म्हणजे एक मोठा कडुलिंब, जगावं का नको या विचारात उभा असलेला पेरू आणि जास्वंदीची दाट जाळी. बोअर आटलेला. टँकर येईल तेव्हा येई. तरीही पाखरं दाजींकडेच येत, कारण दाजींनी मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातली होती आणि ते मडकं लिंबाला टांगलं होतं. खाली परात. दिवसभर टप, टप, टप.

"पाखरू पाणी डोळ्यांनी न्हाई, कानांनी शोधतं," दाजी सांगत.

बायको मनकर्णा म्हणे, "आणि आमी रांगेत उभं राहून शोधतो."

होले यायचे, बुलबुल यायचे, साळुंक्या भांडायला यायच्या. पण दाजींचा जीव अडकला होता दुसरीकडेच. मागच्या साली जास्वंदीखाली त्यांना एक पीस सापडलं होतं. हातभर लांब, पांढरंशुभ्र, फितीसारखं. दाजींनी बघताक्षणी ओळखलं. स्वर्गीय नर्तक. नर. डोकं काळं कुळकुळीत, अंग दुधासारखं आणि मागे दोन लांब फिती. या भागातून जाता जाता चार-सहा आठवडे थांबतो आणि निघून जातो. पीस आरशाच्या मागे खोचून ठेवलं होतं. पिसाचा धनी अजून दिसला नव्हता. यंदा जास्वंदीखाली पुन्हा तसंच एक पीस मिळालं आणि दाजींनी जेवणाचं ताट अंगणात मागवायला सुरुवात केली.

"येतोय तो," ते म्हणाले. "माझ्या अंगणात येतोय आणि मलाच दिसत न्हाई."

अशातच त्यांचा मेव्हणा माणिकराव संध्याकाळी पडक्या चेहऱ्याने आला. माणिकराव गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. दुष्काळामुळे गावची निम्मी जनावरं चारा छावणीत होती, उरलेली निम्मी दूध देण्याच्या मनःस्थितीत नव्हती. संस्थेत दूध नव्हतं, पण खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर विरोधी गटाच्या धोंडीरामने अविश्वास ठराव आणला होता.

"मला सोडून नऊ संचालक हायेत, दाजी. पाच आपले, चार त्याचे. परवा अकराला सभा. तवर आपले पाच झाकून ठिवायचेत."

झाकून ठेवणं ही सहकारातली जुनी रीत. मतदानाआधी संचालकांना सहलीला न्यायचं, त्यांचे मोबाइल काढून घ्यायचे, त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि मतदानाच्या वेळी थेट सभेत आणून सोडायचं. मागच्या खेपेला माणिकरावाने महाबळेश्वरला नेलं होतं. तिथं घोड्यावर बसलेल्या आप्पाचा फोटो अजून संस्थेत होता.

"मग न्या की महाबळेश्वरला," दाजी म्हणाले.

"बायाबापड्या टँकरच्या रांगेत आन् आमी थंड हवेला? पेपरात आलं तर गावात फिरू देत्याल का? तुमच्याकडं ठिवतो. तुमच्याकडं कुणी येत न्हाई."

हे खरं होतं. दाजींकडे येणाऱ्याला 'शूऽऽ' खेरीज दुसरा पाहुणचार मिळत नसे.

"न्हाई जमायचं. पाच माणसं अंगणात म्हणल्यावर पाखरू फिरकल का?"

मनकर्णाने भावाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माणिक, हौदभर पाणी टाकशील का?"

"टँकर लावतो, अक्का."

दाजींचा चेहरा बदलला. हौदभर पाण्यात मडकं महिनाभर टपटपलं असतं. "माझ्या अटी हायेत," ते म्हणाले.

अंधार पडल्यावर जीपमधून पाच संचालक उतरले. मोठी मिशी असलेले आप्पा, कायम तंबाखू मळणारा आश्रुबा, सगळ्यात शिकलेले म्हणून सगळ्यांना समजावून सांगणारे मोहनराव, आणि मोहनराव सांगतील त्याला मान हलवणारे दोघं. दाजींनी त्यांना ओसरीवर बसवून अटी सांगितल्या. पाखरू पाण्यावर असेल तेव्हा जो जिथं असेल त्यानं तिथंच थांबायचं. उठायचं न्हाई, खाकरायचं न्हाई, तंबाखूवर थाप मारायची न्हाई. आंघोळ दिवसाआड. उद्या पाळी नाही, परवा आहे. आणि साबण बंद, कारण मोरीचं पाणी पाटानं थेट जास्वंदीला जातं.

"साबण कावून बंद?" आश्रुबाने विचारलं.

"जास्वंदीला चालत न्हाई."

"आमाला चालतो की."

"तुमी फुलता का?" दाजी म्हणाले.

दुसरा दिवस लई जड गेला. मोबाइल माणिकरावाच्या जीपच्या डिक्कीत. पत्ते आणायला विसरलेले. पाच माणसं पाच दिशांना तोंडं करून बसली. दुपारी सातभाई आले. मातकट रंगाची सात-आठ पाखरं, सगळी एकदम बोलणारी, एकमेकांना ढुशा देत परातीवर चढणारी.

"ह्यास्नी काय म्हणत्याती?" आप्पाने हळूच विचारलं.

"सातभाई. कायम टोळीनं राहत्यात. सगळे एकदम बोलतात, कुणी कुणाचं ऐकत न्हाई."

"मंग ठराव कसा होतो त्यांचा?" असं मोहनरावांनी विचारलं, आणि सगळे पहिल्यांदाच नीट बघायला लागले.

संध्याकाळपर्यंत त्यांचं मन रमलं. शिंपी पाखरू किती लहान आणि त्याचा आवाज किती मोठा यावर चर्चा झाली. आश्रुबाने होल्याला 'बे, पी की आता' म्हणून दटावलं आणि बाकीच्या चौघांनी आश्रुबाला दटावलं. रात्री जेवताना दाजींनी आरशामागची पिसं काढून दाखवली. हातभर लांब पांढरी फीत आप्पांनी स्वतःच्या हातावर धरून मोजली.

"एवढी शेपटी घिऊन त्यो उडतो कसा?"

"तेच बघायचंय मला," दाजी म्हणाले. "हप्त्याभरात जाईल निघून. मग पुढल्या सालची वाट. पुढल्या साली तो असल, मी असल, सांगता येत न्हाई."

त्या वाक्यानंतर कुणी वाढून घेतलं नाही.

सभेचा दिवस उजाडला. सभा अकराला, आणि अंघोळीची पाळीही त्याच दिवशी. पाचही संचालकांनी रात्रीच मनकर्णाकडून सदरे धुवून घेतले होते आणि ते जास्वंदीच्या पलीकडे तारेवर वाळत होते. आता पाच माणसं कमरेला पंचे गुंडाळून मोरीच्या दाराशी रांगेत उभी राहिली. मोरी म्हणजे डोक्याच्या वर जाणाऱ्या पत्र्याच्या चार भिंती आणि तेवढंच उंच पत्र्याचं दार, वरून उघडी. खिडकी नाही, फट नाही.

"आधी दाजी," आप्पा म्हणाले.

"तुमाला सभेला जायचंय."

"यजमानाच्या आधी आमी पाणी अंगावर घ्यावं व्हय? घाई न्हाई, आत्ता कुठं नऊ वाजल्यात."

मोठ्या मानाने दाजींना आत ढकललं गेलं. दार लागलं. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. पाणी पाटातून निघालं, वळण घेऊन जास्वंदीखाली गेलं आणि तिथल्या खळग्यात साचू लागलं.

आणि लिंबातून पांढरं काहीतरी खाली आलं.

आधी आश्रुबाने बघितलं. त्याने मळलेली तंबाखू तशीच हातात धरली. मग आप्पाने बघितलं. मग सगळ्यांनी. काळं कुळकुळीत डोकं, त्यावर तुरा, दुधासारखं अंग, आणि मागे दोन फिती अशा की बाकीचं पाखरू त्यांना नंतर जोडलं असावं. ते जास्वंदीच्या काडीवर बसलं, खळग्यात सूर मारला, परत काडीवर गेलं, अंग झाडलं. फिती हवेत लहरल्या. डोक्यावर मडकं टपटपत होतं. पाखराने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही.

आत दाजींनी तांब्या खाली ठेवला. पाट आटला. पाखरू उडून वरच्या फांदीला गेलं.

"दाजी," आप्पा दाराच्या पत्र्याला मिशी लावून कुजबुजले, "पाणी ओता."

"झाली माझी."

"झाली न्हाई. ओता. आलंय ते."

आतून दाजींचा कोरडा आवाज आला, "कोण आलंय?"

"पिसाचा धनी."

दाराची कडी हलली. पाचही जण एकदम, पण कुजबुजत म्हणाले, "उघडू नका."

"माझं पाखरू हाय."

"दार वाजतंय, दाजी. उडल ते. तुमीच सांगितलंय, जो जिथं असल त्यानं तिथंच थांबायचं," मोहनरावांनी समजावलं. "ओता तुमी. पाणी आलं की खाली येतं, थांबलं की वर जातं. आमी बघून ठरवलंय."

दाजींनी ओतलं. पाखरू खाली आलं. दाजी आतून विचारत राहिले आणि बाहेरचे सांगत राहिले.

"शेपूट केवढं हाय?"

"हातभर."

"दीड हात."

"आश्रुबा, तुझा हात मोजू नको, माणसाचा मोज."

"तुरा हाय का?"

"हाय. वल्ला झालाय, पर हाय."

"डोळ्याभोवती निळं कडं?"

यावर बराच वेळ विचार झाला. "हाय," आप्पा शेवटी म्हणाले. "निळंच म्हणायचं. तुमी ओता."

दहा वाजता माणिकराव जीप घेऊन आला. दारातून त्याला पाच उघडी माणसं पंचे धरून पुतळ्यासारखी उभी दिसली. तो काही बोलणार तोच पाचांनी ओठांवर बोट ठेवलं. त्याने त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं आणि तोही थांबला.

"सभा हाय," तो बऱ्याच वेळाने पुटपुटला.

"सदरे तारेवर हायेत," मोहनराव पुटपुटले. "तार जास्वंदीपलीकडं हाय. जाता येत न्हाई."

माणिकरावाने घड्याळ बघितलं. खुर्ची डोळ्यापुढे आली. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. पाखराने मान वळवली. मनकर्णा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "माणिक, तुझे दाजी आत हायेत."

माणिकरावाने पाऊल मागे घेतलं.

मोरीतली मोठी टाकी संपेपर्यंत दाजी ओतत राहिले. शेवटचा तांब्या खरवडून ओतला, पाट सुकला. पाखरू वर गेलं, फांदीवर थोडं थांबलं, मग लिंबाच्या पलीकडे शेतांवर उडालं. दार धाडकन उघडलं. दाजी बाहेर आले. बोटांच्या सुरकुत्या पडलेल्या, अंगावर काटा, डोळे लिंबावर. लिंबावर काहीच नव्हतं.

बारा वाजून गेले होते.

संस्थेत धोंडीराम आपल्या तिघांसह अकरापासून बसला होता. सभेला निदान पाच संचालक लागतात. चार होते. सहकार खात्याच्या अधिकाऱ्याने गणपूर्ती नाही म्हणून ठराव बारगळल्याचं जाहीर केलं आणि केजची जीप पकडली. दुपारी धोंडीराम दाजींच्या अंगणात येऊन उभा राहिला. चेअरमनकडे त्याने बघितलंच नाही. तो आप्पाकडे गेला.

"आप्पा, तुमी अन् आश्रुबानं माझ्या घरी भाकरी खाऊन शब्द दिलता. सभेत हात माझ्या बाजूनं वर करणार हुता. कुठं गेलते?"

माणिकरावाला तेव्हा कळलं की सकाळी त्याची माणसं वेळेवर पोचली असती तर त्याची खुर्ची गेली असती.

"जाणार हुतो," आप्पा खाली बघत म्हणाले. "पाखरू आलतं."

"कसलं पाखरू बे?"

"तुला न्हाई कळायचं. तू हुतास कुठं?" आश्रुबा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात खरीखुरी कीव होती.

धोंडीराम गेला. माणिकराव दोघांवर चिडणार होता, पण खुर्ची शाबूत असताना चिडायला जमेना. मोहनरावांनी वेळ साधून ठराव मांडला की आज सकाळी गहिनीनाथ दाजींच्या अंगणात सदर पक्षी आला होता हे ही सभा मान्य करते. आश्रुबाने अनुमोदन दिलं. पाचही हात वर गेले. संस्थेच्या इतिहासात एकमताने झालेला हा पहिलाच ठराव.

दाजींनी तो ऐकला. पंचा खांद्यावर टाकून ते ओसरीच्या पायरीवर बसले होते.

"मला काय उपयोग त्याचा," ते म्हणाले.

मनकर्णाने चहा आणला. "दिवसाआड सकाळी पांढरं काहीतरी हलताना दिसायचं मला चुलीपासून," ती म्हणाली. "वाटायचं, तुमचा पंचा वाळतोय. आज ध्यानात आलं, पंचा तर तुमच्या अंगावर असायचा."

दाजी हळूहळू वर बघायला लागले. मडकं टपटपत होतं. इतके दिवस त्याच्याकडे कान लावून ते बसले होते आणि पाहुणा येत होता त्यांच्या अंघोळीच्या पाण्यावर. मनकर्णाची आंघोळ तर उजाडायच्या आधीच उरकलेली असे. म्हणजे तो येणार तेव्हा दाजी मोरीत असणार आणि दाजी बाहेर असतील तेव्हा तो येणार नाही. हे गणित कितीही फिरवलं तरी तेच येत होतं.

"दुसऱ्या कुणी आंघोळ करावी लागंल," मनकर्णा म्हणाली, आणि भावाकडे बघितलं.

सगळ्यांनीच चेअरमनकडे बघितलं.

"माझ्या घरी मोरी हाय की," माणिकराव म्हणाला.

"तिथं जास्वंद न्हाई," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने चेअरमनला खांद्यावर पंचा टाकून, स्वतःच्या घरचं पाणी दोन कळशांत घेऊन बहिणीच्या घरी आंघोळीला जाताना बघितलं. साबण नव्हता. दाजी ओसरीच्या पायरीवर बसले होते, मांडीवर हात, डोळे जास्वंदीवर. त्यांच्या मागे पाच संचालक ओळीने, सदरे घालून, न खाकरता.

मोरीचं दार लागलं. पाट भरू लागला. लिंबातून ते खाली आलं.

आश्रुबा पुढे वाकून काहीतरी सांगणार होता, पण आप्पाने त्याचा हात दाबला. दाजींनी डोळ्याभोवतीचं निळं कडं बघितलं. ते खरंच निळं होतं.

"दाजी, झाली माझी," आतून माणिकराव म्हणाला. "सपलं पाणी. येऊ का भायेर?"

दाजींनी मागे न बघता हात वर केला. मोहनराव उठले नाहीत, बाकीचे उठले नाहीत. मनकर्णा पावलं न वाजवता मोरीपाशी गेली, दाराच्या वरून आपला भरलेला हंडा आत दिला आणि म्हणाली, "ओत, माणिक. अजून झाली न्हाई तुझी."